पाणी वरून आलं तर

डुलुथमध्ये, नोव्हेंबर संपता संपता,
वयाच्या एक्केचाळिसाव्या वर्षी
मी पहिल्यांदाच भाडेकरू झाले.
खाली मासेमारीच्या सामानाचं बंद पडलेलं दुकान,
वर माझ्या दोन खोल्या.
किल्ली देताना ग्राबोव्स्की म्हणाला,
"विमा काढा. पहिल्या तारखेच्या आत कागद हवा."
मी म्हटलं, "विमा आहे ना तुमचा?"
"आहे की. इमारतीचा."
आणि तो जिना उतरून गेला.

त्या एका शब्दाचा अर्थ लागायला रात्र गेली.
भिंती त्याच्या, छप्पर त्याचं,
गळका गीझरसुद्धा त्याचाच.
घर फिरलं की घराचे वासेही फिरतात म्हणतात.
इथले वासे मालकाचे, त्यांचा विमा उतरलेला.
फिरायला उरलो आम्ही:
मी आणि चौदा खोकी.

विमा कंपनीतली बाई व्हर्डेल,
आवाजावरून साठी ओलांडलेली.
"काय काय आहे घरात?"
"फारसं काही नाही हो."
"सगळे हेच म्हणतात. मोज्यांपासून सुरू करा."

मोजे, बावीस जोड.
बर्फातले बूट, दोन.
कोट, ज्याचे हप्ते अजून चालू आहेत.
बिडाचा तवा.
टीव्ही, वाटणीत माझ्याकडे आलेला
(रिमोट टॉडकडे राहिला).
शिवणयंत्र. दिवा. आणखी एक दिवा, बिनझाकणाचा.
खुर्ची.
बाबांचं गिरमिट, हाताने फिरवायचं,
गोठलेल्या तळ्याला भोक पाडायचं.
त्याच्या मुठीवर त्यांच्या अंगठ्याने घासून केलेला खळगा,
माझा अंगठा त्यात अजून सैलच बसतो.

"जुन्याच्या भावाने धरलं तर गिरमिटाचे चार डॉलर," व्हर्डेल म्हणाली.
"नव्याच्या भावाने दीडशे. महिन्याला अडीच डॉलर जास्त पडतील."
"आणि त्याच गिरमिटाच्या भावाने?"
पलीकडे टाइप करणं थांबलं.
"ते कलम नाही आमच्याकडे."

मग पाण्याचं निघालं.
डोक्यावरची पाइप थंडीने फुटली, तर कंपनी देणार.
सुपीरियर सरोवर उठून जिना चढून आलं, तर नाही.
"सोपं आहे," ती म्हणाली,
"वरून आलेलं पाणी आमचं, खालून आलेलं तुमचं."
मी खिडकीतून पाहिलं.
सरोवर काळं, निवांत,
आपल्याला वगळलंय याची त्याला खबरही नव्हती.

शिवाय कुठल्याही नुकसानीचे पहिले पाचशे माझे.
म्हणजे किरकोळ दुःखं आपली आपण निस्तरायची,
मोठं काही झालं तर फोन करायचा.
घर राहण्याजोगं उरलं नाही, तर हॉटेलचं बिल त्यांच्याकडे.
(जुलैत कुठे होता हा कागद?
मी तीन आठवडे बहिणीच्या सोफ्यावर झोपले.
पण आग नव्हती, धूर नव्हता, पाणी नव्हतं.
फॉर्मवर कसली खूण केली असती मी?)

"आता शेवटचं," व्हर्डेल म्हणाली,
"पाहुणा तुमच्याकडे पायपुसण्यावरून घसरला,
हाडबीड मोडलं, तर एक लाखापर्यंत."
"कोण पाहुणा?"
"कुणीही. येतील ना माणसं."

एक लाख डॉलर!
मोजे, कोट, टीव्ही, सगळं मिळून नऊ हजारही भरलं नव्हतं.
आणि जो आलाच नाही अजून,
ज्याचं नाव-गाव मला ठाऊक नाही,
त्याच्या पडण्याची एवढी तजवीज.
मी दाराकडे पाहत बसले.
पायपुसणं नव्हतंच माझ्याकडे.

महिना चौदा डॉलर. सही केली.

शनिवारी जुन्या सामानाच्या दुकानातून
एक पायपुसणं आणलं, आणि सहा डॉलरची खुर्ची.
तिचा एक पाय आखूड निघाला.
वकिलाच्या पाकिटाची घडी त्याखाली नेमकी बसली.

सोमवारी फोन लावला:
यादीत एक खुर्ची वाढवा.
"सहा डॉलरसाठी? गरज नाही हो त्याची."
"असू दे," मी म्हटलं.
"लिहून ठेवा. खुर्च्या, दोन."